बस्बींची खोली : मँचेस्टर युनायटेड आणि व्यवस्थापक निवडीचा अर्धशतकी पेच

१/
२७ एप्रिल १९७४. मँचेस्टरचे ओल्ड ट्रॅफर्ड मैदान. एकाच शहरातील दोन संघ, युनायटेड आणि सिटी, समोरासमोर. सामना गोलशून्य बरोबरीत संपत आला होता. शेवटची दहाएक मिनिटे उरलेली. गोलकडे पाठ असलेल्या सिटीच्या डेनिस लॉ यांनी टाचेने चेंडू मागे ढकलला आणि तो जाळ्यात जाऊन विसावला. लॉ यांनी आनंद साजरा केला नाही. ते मान खाली घालून चालू लागले आणि थोड्याच वेळात मैदानाबाहेर गेले.

२/
त्या उदासीनतेला कारण होते. हेच लॉ ११ वर्षे युनायटेडकडून खेळले होते आणि तिथल्या चाहत्यांचे ‘राजे’ होते. आदल्याच उन्हाळ्यात युनायटेडच्या व्यवस्थापकांनी त्यांना एक पैसाही न घेता सोडून दिले होते. त्या संध्याकाळी युनायटेड दुसऱ्या श्रेणीत घसरले. इतर मैदानांवरील निकाल असे लागले होते की लॉ यांचा गोल झाला नसता तरी ही घसरण टळली नसती. पण लोकांच्या स्मरणात गणित राहत नाही, दृश्य राहते.

३/
अवघ्या सहा वर्षांपूर्वी, १९६८ मध्ये, हाच क्लब युरोपचा विजेता होता. सहा वर्षांत शिखरावरून पायथ्याशी! आणि पुढे २०१३ नंतर जवळजवळ हीच कथा नव्या पात्रांसह पुन्हा घडली. मित्रहो, आजच्या धाग्यात आपण एकच प्रश्न घेऊ : इतका मोठा क्लब व्यवस्थापक निवडताना वारंवार का चुकतो? आणि त्या चुकीची किंमत मोजणाऱ्या चाहत्याने नेमके कोणावर रागवावे?

४/
आधी एक खुलासा. इंग्लिश फुटबॉलमधील ‘व्यवस्थापक’ म्हणजे कचेरी सांभाळणारा अधिकारी नव्हे. संघ निवडणे, डावपेच ठरवणे, कोणता खेळाडू विकत घ्यावा आणि कोणाला निरोप द्यावा हे ठरवणे, सराव करून घेणे, पत्रकारांना तोंड देणे, हे सारे परंपरेने एकाच माणसाच्या शिरावर असे. म्हणूनच तिथे राजवटी व्यवस्थापकांच्या नावाने ओळखल्या जातात आणि उत्तराधिकाराचा प्रश्न राजघराण्यातल्याइतकाच नाजूक असतो.

५/
युनायटेडची पहिली महान राजवट मॅट बस्बी यांची. १९४५ मध्ये त्यांनी सूत्रे हाती घेतली तेव्हा जर्मन बॉम्बहल्ल्यात ओल्ड ट्रॅफर्डची दुर्दशा झालेली होती. १९४९ पर्यंत घरचे सामने सिटीच्या मेन रोड मैदानावर खेळावे लागले. त्या अवस्थेतून बस्बींनी १९४८ चा एफए चषक जिंकला, १९५२ चे लीग विजेतेपद मिळवले आणि मग कोवळ्या वयाच्या खेळाडूंना हाताशी धरून १९५६ व १९५७ ची विजेतेपदे आणली.

६/
६ फेब्रुवारी १९५८ रोजी म्युनिकच्या धावपट्टीवर विमान कोसळले. २३ जण मृत्युमुखी पडले, त्यांत आठ खेळाडू होते. स्वतः बस्बी मृत्यूच्या दारातून परत आले. त्यांनी पुन्हा संघ उभारला. १९६५ आणि १९६७ मध्ये लीग जिंकली आणि २९ मे १९६८ रोजी वेम्ब्लीवर बेन्फिकाला ४-१ असे हरवून युरोपियन चषक पटकावला. अशा माणसाच्या मागून त्याच्या गादीवर बसणे म्हणजे काय असेल, याची कल्पना आपण करू शकतो.

७/
जानेवारी १९६९ मध्ये बस्बींनी हंगामाअखेर पायउतार होण्याची घोषणा केली. निवड झाली विल्फ मॅकगिनेस यांची. वय ३१. पाय मोडल्याने खेळाडू म्हणून त्यांची कारकीर्द अकालीच संपली होती आणि ते क्लबमध्येच प्रशिक्षणाचे काम करत होते. त्यांना पद मिळाले ‘मुख्य प्रशिक्षक’ हे, ‘व्यवस्थापक’ हे नव्हे. बस्बी ‘महाव्यवस्थापक’ म्हणून क्लबमध्येच राहिले. बिरुद छोटे आणि जबाबदारी मोठी, अशी ही सुरुवात होती.

८/
अडचण किती खोल होती ते एका तपशिलावरून कळते. संघाचे आधारस्तंभ बॉबी चार्लटन आणि मॅकगिनेस हे दोघेही ऑक्टोबर १९३७ चे. त्यातही मॅकगिनेस दोन आठवड्यांनी धाकटे! ज्यांच्याबरोबर कपडे बदलण्याच्या खोलीत थट्टामस्करी केली, त्यांनाच आता संघातून वगळायचे, दरडावायचे. शिवाय काही बिनसले तर खेळाडूंना दाद मागायला वर बस्बी होतेच.

९/
तरीही मॅकगिनेस अगदीच अपयशी ठरले असे म्हणता येणार नाही. दीड वर्षात संघ तीनदा चषक स्पर्धांच्या उपांत्य फेरीत पोहोचला. तिन्ही वेळा हरला. तिसरा पराभव तर तिसऱ्या श्रेणीतील ॲस्टन व्हिलाकडून झाला. डिसेंबर १९७० मध्ये त्यांना दूर करण्यात आले आणि हंगाम पार पाडायला पुन्हा बस्बीच आले. उत्तराधिकारी चुकला की जुन्या राजाला परत बोलावायचे, हा धडा क्लबने गिरवला खरा, पण त्यामुळे पुढच्या माणसाचे काम आणखी अवघड झाले.

१०/
आता बाहेरचा माणूस शोधण्याचे ठरले. सेल्टिकला युरोपियन चषक जिंकून देणारे जॉक स्टीन यांना विचारणा झाली, पण त्यांनी नकार दिला. जून १९७१ मध्ये लेस्टर सिटीचे फ्रँक ओफॅरेल आले. शांत, सभ्य, मितभाषी गृहस्थ. आतला माणूस जमला नाही म्हणून बाहेरचा, मित्र जमला नाही म्हणून परका. लंबकाची ही पहिली हालचाल लक्षात ठेवा. ती पुढे पुन:पुन्हा दिसणार आहे.

११/
आणि आता ती खोली. ओफॅरेल यांनी पुढे सांगितलेली हकिकत अशी : ते रुजू झाले तेव्हा व्यवस्थापकाची खोली बस्बींकडेच राहावी आणि नव्या माणसासाठी वेगळी, लहान खोली करावी, असा बेत होता. ओफॅरेल यांनी नम्रपणे, पण ठामपणे मूळ खोली मागून घेतली. बस्बींनी ती दिली. खोली सुटली, सावली मात्र सुटली नाही. त्याच वर्षी बस्बी संचालक झाले. नव्या व्यवस्थापकाच्या कामाचा निवाडा ज्या मंडळात होणार, तिथेच आता जुने व्यवस्थापक बसलेले होते.

१२/
ओफॅरेल यांचा संघ डिसेंबर १९७१ मध्ये लीगमध्ये अव्वल होता. मग गळती लागली आणि हंगामाअखेर तो आठवा आला. जॉर्ज बेस्ट यांच्यासारखा असामान्य प्रतिभेचा खेळाडू सरावाला दांड्या मारू लागला. चार्लटन आणि लॉ यांचे वय झाले होते. १६ डिसेंबर १९७२ रोजी क्रिस्टल पॅलेसने युनायटेडला ५-० असे धुतले आणि तीनच दिवसांत ओफॅरेल यांची गच्छंती झाली. म्हातारा झालेला संघ नव्याने बांधायला वेळ लागतो, हे कोणी मोजलेच नाही.

१३/
सौम्य माणूस चालला नाही, म्हणून मग गडगडाटी माणूस आला : टॉमी डॉकर्टी. बोलघेवडे, धाडसी, कोणाचीही भीड न ठेवणारे. त्यांनी जुन्या खेळाडूंना झपाट्याने हटवले, लॉ यांनाही. बेस्ट यांनी १ जानेवारी १९७४ रोजी युनायटेडसाठी शेवटचा सामना खेळला. आणि एप्रिलमध्ये आपण धाग्याच्या सुरुवातीला पाहिलेले ते दृश्य घडले. टाचेचा तो हलका स्पर्श म्हणजे पाच वर्षांच्या गोंधळलेल्या निवडींचा जणू हिशेबच होता.

१४/
इथे क्षणभर चाहत्याकडे पाहू. इतिहासाच्या पुस्तकांत तो बहुधा आकड्याच्या रूपाने येतो, म्हणून आकडाच घेऊ. १९७४-७५ च्या हंगामात युनायटेड दुसऱ्या श्रेणीत खेळत होते. ओल्ड ट्रॅफर्डवरील सरासरी उपस्थिती होती ४८ हजारांहून अधिक, आणि ती साऱ्या इंग्लंडमध्ये सर्वाधिक होती. पहिल्या श्रेणीतील एकाही क्लबकडे तितकी गर्दी होत नव्हती! ग्राहक निकृष्ट मालाकडे पाठ फिरवतो. चाहता तसे करत नाही. हीच त्याची थोरवी आणि हीच त्याची अगतिकता.

१५/
१९७४ हे वर्ष व्यवस्थापक निवडीच्या अभ्यासासाठी विलक्षण आहे. त्याच उन्हाळ्यात आणखी दोन बलाढ्य क्लबांसमोर हाच प्रश्न उभा राहिला. लीड्स युनायटेडचे डॉन रेव्ही इंग्लंडच्या राष्ट्रीय संघाकडे गेले. त्यांच्या जागी लीड्सने आणले ब्रायन क्लफ यांना, म्हणजे ज्यांनी लीड्सच्या खेळपद्धतीवर वर्षानुवर्षे जाहीर टीका केली होती त्यांनाच. खेळाडूंनी त्यांना कधीच स्वीकारले नाही. ४४ दिवसांत क्लफ पदावरून दूर झाले.

१६/
यावरून क्लफ अकुशल होते असे म्हणावे काय? मुळीच नाही. याच क्लफ यांनी पुढे नॉटिंगहॅम फॉरेस्टसारख्या मध्यम क्लबला १९७९ आणि १९८० असा सलग दोनदा युरोपियन चषक जिंकून दिला. माणूस तोच, गुण-दोष तेच. जागा बदलली आणि अपात्र ठरलेला माणूस अद्वितीय ठरला. ‘चांगला व्यवस्थापक कोण?’ हा प्रश्नच अपुरा आहे. ‘या क्लबला, या वेळी, या खेळाडूंसह कोण चालेल?’ असे विचारायला हवे.

१७/
दुसरा क्लब लिव्हरपूल. जुलै १९७४ मध्ये बिल शँकली यांनी अचानक निवृत्ती जाहीर केली. लिव्हरपूलने बाहेर शोध घेतला नाही. १९३९ पासून क्लबशी जोडलेले, खेळाडू म्हणून आलेले आणि शँकलींचे सहायक झालेले बॉब पेस्ली यांना पुढे केले. सहायकांची जुनी फळी तीच, सरावाची पद्धत तीच. पहिल्या हंगामात पेस्लींच्या हाती एकही मोठा चषक लागला नाही. पण पुढच्या आठ वर्षांत सहा लीग विजेतेपदे आणि तीन युरोपियन चषक आले.

१८/
आतला माणूस तर मॅकगिनेसही होते, मग पेस्ली का तरले? एक कारण वयाचे आणि अधिकाराचे : पेस्ली पंचावन्न वर्षांचे, अनुभवी होते. दुसरे कारण अधिक कठोर आहे. निवृत्तीनंतरही शँकली सरावाच्या मैदानावर येत राहिले आणि खेळाडू सवयीने त्यांनाच ‘बॉस’ म्हणत. क्लबने त्यांच्यापासून हळूहळू अंतर राखले. शँकलींच्या मनाला ते फार लागले. लिव्हरपूलने आपल्या महापुरुषाला दुखावले, पण त्याच्या वारसाला मोकळा श्वास दिला. युनायटेडने नेमके उलटे केले.

१९/
परत मँचेस्टरला येऊ. डॉकर्टींनी संघ वर्षभरात पहिल्या श्रेणीत आणला, १९७७ चा एफए चषकही जिंकला. पण क्लबच्याच एका सहकाऱ्याच्या पत्नीशी असलेले संबंध उघड झाल्याने त्यांना जावे लागले. वादळानंतर शांतता हवी, म्हणून आले अबोल, अभ्यासू डेव्ह सेक्स्टन. त्यांनी १९८०-८१ च्या हंगामातील अखेरचे सातही सामने जिंकले, तरी ‘खेळ नीरस आहे’ म्हणून त्यांना निरोप मिळाला. नीरसतेवर उतारा म्हणून आले झगमगाटी रॉन ॲटकिन्सन. दोन एफए चषक आले, पण लीग काही आली नाही.

२०/
लंबक दिसला ना? सौम्यानंतर गडगडाटी, गडगडाटीनंतर अबोल, अबोलानंतर झगमगाटी. प्रत्येक नवा व्यवस्थापक हा भविष्याविषयीचा विचार नसून आदल्या व्यवस्थापकाविषयीची तक्रार होता. ताप आला म्हणून बर्फ, सर्दी झाली म्हणून निखारे. मूळ प्रकृती काय आहे, हे पाहण्याची उसंत कोणालाच नव्हती. १९६९ ते १९८६ या काळात पाच व्यवस्थापक झाले. लीग विजेतेपद मात्र एकही नाही.

२१/
६ नोव्हेंबर १९८६. स्कॉटलंडमधील ॲबर्डीनहून ॲलेक्स फर्ग्युसन आले. संघ गुणतक्त्यात तळापासून दुसरा होता. त्यांनी सुरुवातीला काय केले? पिण्याची सवय जडलेल्या संघाला शिस्त लावली आणि लहान मुलांमधून खेळाडू हेरणारी यंत्रणा नव्याने उभारली. हे काम मैदानावर लगेच दिसत नाही. दिसत होते ते निकाल : ११ वे स्थान, मग दुसरे, मग पुन्हा ११ वे. सप्टेंबर १९८९ मध्ये सिटीकडून ५-१ असा मानहानिकारक पराभव झाला.

२२/
डिसेंबर १९८९ मध्ये क्रिस्टल पॅलेसविरुद्धच्या सामन्यात एका चाहत्याने रंगवलेली चादर उंचावली. आशय असा : तीन वर्षे सबबी ऐकल्या, खेळ अजून भिकारच, आता या फर्गी! इतिहासाने त्या चाहत्याची पुष्कळ थट्टा केली आहे. पण न्यायाने पाहू. त्याने २२ वर्षे लीग विजेतेपद पाहिले नव्हते. पाच व्यवस्थापक आले नि गेले होते. सहावा वेगळा आहे, हे त्याने कशावरून ओळखावे? खेळाडू हेरणाऱ्यांच्या वह्या काही प्रेक्षकांसाठी उघड्या नव्हत्या.

२३/
७ जानेवारी १९९० रोजी नॉटिंगहॅम फॉरेस्टविरुद्ध एफए चषकाच्या सामन्यात मार्क रॉबिन्स यांच्या एकमेव गोलने युनायटेड जिंकले. त्याच वर्षी चषकही हाती आला. १९९३ मध्ये २६ वर्षांनी लीग आली आणि फर्ग्युसन यांच्या कारकिर्दीत एकूण १३ लीग विजेतेपदे व दोन युरोपीय विजेतेपदे जमा झाली. तेव्हापासून ‘रॉबिन्सचा गोल’ ही एक दंतकथा झाली, आणि तिचे तात्पर्य ठरून गेले : ‘संयम ठेवा, वेळ द्या.’

२४/
हे तात्पर्य अर्धवट आहे. वेळ मॅकगिनेस यांना दिला असता तर ते फर्ग्युसन झाले असते, असे कोणी म्हणेल काय? वेळ ही केवळ माती आहे. तिच्यात बी कोणते पेरले, हे महत्त्वाचे. संचालक मंडळाला दिसत होते की निकाल वाईट असले तरी पाया घातला जात आहे. त्या मंडळात बॉबी चार्लटन होते, म्हणजे खेळ कळणारा माणूस होता. बस्बींच्या काळातही युनायटेडची खरी ताकद मुलांमधून संघ घडवण्यात होती, आणि फर्ग्युसन नेमके तेच पुन्हा उभारत होते. निवड क्लबच्या प्रकृतीशी जुळली होती.

२५/
मे २०१३. फर्ग्युसन लीग जिंकून निवृत्त झाले. त्याच उन्हाळ्यात मुख्य कार्यकारी डेव्हिड गिल यांनीही पद सोडले. एकाच वेळी सेनापती आणि कारभारी दोघेही गेले! उत्तराधिकारी म्हणून डेव्हिड मोयेस आले. ११ वर्षे एव्हर्टन सांभाळलेले, पण एकही मोठा चषक न जिंकलेले. या निवडीत फर्ग्युसन यांच्या शब्दाला मोठे वजन होते. मैदानात ‘हाच तो निवडलेला’ अशा अर्थाचा फलक लागला. करार सहा वर्षांचा होता.

२६/
आता १९६९ आठवा. मैदानाबाहेर फर्ग्युसन यांचा पुतळा, एका प्रेक्षकसज्जाला त्यांचे नाव आणि प्रत्येक पराभवानंतर सज्जात बसलेल्या त्यांच्या चेहऱ्यावर रोखलेला दूरदर्शनचा कॅमेरा. बस्बींची खोली आता काचेची झाली होती आणि साऱ्या जगाला दिसत होती. मोयेस यांनी जुनी सहायक फळीही बदलली. म्हणजे पेस्लींना जे सातत्य मिळाले, तेही उरले नाही. मार्च २०१४ मध्ये काही चाहत्यांनी मोयेस यांच्या हकालपट्टीची मागणी करणारा फलक विमानाला बांधून मैदानावरून फिरवला. एप्रिलमध्ये, दहा महिन्यांत, सहा वर्षांचा करार संपला.

२७/
आणि लंबक पुन्हा हलू लागला. चषक नसलेल्या मोयेस यांच्या जागी चषकांनी मढलेले लुई व्हॅन गाल. त्यांचा खेळ संथ वाटला म्हणून निकालांचे बादशहा जोझे मोरिन्हो. मोरिन्होंनी वातावरण कडवट केले म्हणून गोड स्वभावाचे, क्लबचे लाडके माजी खेळाडू ओले गुन्नार सोल्स्कायर. ते भावनेवर चालतात असे वाटले म्हणून काही महिन्यांसाठी सिद्धान्तकार राल्फ रांगनिक. मग शिस्तप्रिय एरिक टेन हाग. मग तरुण रुबेन अमोरिम.

२८/
करार लांब आणि विश्वास आखूड, ही या काळाची खूण. व्हॅन गाल यांना एफए चषक जिंकल्यानंतर दोन दिवसांत काढले. सोल्स्कायर यांचा करार जुलै २०२१ मध्ये वाढवला आणि नोव्हेंबरमध्ये त्यांना काढले. टेन हाग यांचा करार जुलै २०२४ मध्ये वाढवला आणि ऑक्टोबरमध्ये त्यांना काढले. मोरिन्हो आणि त्यांच्या सहायकांना निरोप देण्याचा खर्चच १.९६ कोटी पौंड झाला. अमोरिम यांना हंगामाअखेर यायचे होते, पण क्लबला ते तत्काळ हवे होते.

२९/
या धरसोडीची खरी किंमत संघाच्या रचनेत मोजावी लागते. एका व्यवस्थापकाने आपल्या पद्धतीसाठी घेतलेले खेळाडू दुसऱ्याच्या गळ्यात पडतात. २०१४ मध्ये ५.९७ कोटी पौंडांना घेतलेले आंखेल दि मारिया एका हंगामात निघून गेले. २०१६ मध्ये ८.९ कोटी पौंड, म्हणजे त्या वेळची जगातील सर्वाधिक रक्कम, मोजून आणलेले पॉल पोग्बा २०२२ मध्ये फुकट गेले. प्रत्येक नवा कारागीर आधीच्याच्या अर्धवट भिंतीवर वेगळ्याच घराचे छप्पर चढवत होता.

३०/
मग दोष कारागिरांचा की घरमालकाचा? मोयेस यांनीच पुढे २०२३ मध्ये वेस्ट हॅमला युरोपीय चषक जिंकून दिला. क्लफ यांचीच गोष्ट, लहान प्रमाणात! युनायटेडने मात्र मार्च २०२१ पर्यंत ‘फुटबॉल संचालक’ हे पदच निर्माण केले नव्हते. व्यवस्थापक बदलला तरी खेळाची दिशा कायम ठेवणारा जाणकार नव्हता. पुढे २०२४ मध्ये त्या कामासाठी डॅन ॲशवर्थ यांना आणले, तेही पाच महिन्यांत गेले. निवडणाऱ्यांची निवडही चुकतच होती.

३१/
चाहत्यांच्या रागाचा प्रवास इथे लक्षणीय आहे. १९८९ ची चादर आणि २०१४ चे विमान व्यवस्थापकाला उद्देशून होते. पण दुसरा प्रवाहही वाहत होता. २००५ मध्ये ग्लेझर कुटुंबाने कर्जाच्या आधारे क्लब विकत घेतला तेव्हा काही चाहत्यांनी वेगळे होऊन ‘एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर’ हा स्वतःचा क्लब काढला. २०१० मध्ये हजारो गळ्यांत क्लबच्या मूळ, न्यूटन हीथ काळातील हिरव्या-सोनेरी रंगांचे मफलर आले. २ मे २०२१ रोजी चाहते ओल्ड ट्रॅफर्डवर घुसले आणि लिव्हरपूलविरुद्धचा सामना पुढे ढकलावा लागला. बोट आता बाकावर बसलेल्या माणसाकडे नव्हते. ते मालकांच्या सज्जाकडे वळले होते.

३२/
२०२४-२५ च्या हंगामात युनायटेड ४२ गुणांसह १५ वे आले. १९७४ च्या घसरणीनंतरचे हे लीगमधील सर्वांत खालचे स्थान. म्हणजे डेनिस लॉ यांच्या टाचेपाशी सुरू झालेला आपला धागा वर्तुळ पूर्ण करून जवळजवळ तिथेच आला. फरक इतकाच की तेव्हाचा चाहता मँचेस्टरच्या पावसात उभा होता. आजचे कित्येक चाहते पुण्यात, नाशकात, कोल्हापुरात मध्यरात्री दिव्याखाली आवाज बंद करून सामना पाहतात आणि सकाळी तारवटलेल्या डोळ्यांनी कॉलेजला जातात.

३३/
या साऱ्या इतिहासाचे सार एका वाक्यात : व्यवस्थापकाची निवड ही क्लबच्या आत्मपरीक्षणाची परीक्षा असते. आपण कोण आहोत, आपले बळ कशात आहे, हे ज्यांना ठाऊक असते ते लिव्हरपूलप्रमाणे शांतपणे पेस्लींना निवडतात. ज्यांना ठाऊक नसते ते कालच्या चुकीच्या नेमके विरुद्ध टोक गाठतात आणि त्याला बदल म्हणतात. ‘याला काढा’ आणि ‘याला वेळ द्या’ या दोन्ही घोषणा अपुऱ्या आहेत. विचारायचा प्रश्न असा : याला का निवडले, आणि निवडणाऱ्याला खेळ कळतो का?

३४/
चाहत्याला काढता येत नाही आणि तो स्वतःही जात नाही. १९७४-७५ मधील ती ४८ हजारांची सरासरी गर्दी हेच सांगते. म्हणून त्याचा वैताग हास्यास्पद मानू नये. व्यवस्थापक येतात-जातात, खेळाडू विकले जातात, मालकही बदलतात. क्लबमध्ये कायम राहणारा एकटा तोच असतो. बस्बींच्या खोलीची किल्ली त्याच्याकडे कधीच नव्हती, पण त्या खोलीत घेतलेल्या प्रत्येक निर्णयाचे बिल त्यानेच चुकते केले आहे.

३५/
धागा इथे पूर्ण होतो. तुमच्या क्लबच्या इतिहासात असा लंबक कुठे दिसतो का? एखादा चांगला माणूस चुकीच्या वेळी, चुकीच्या जागी बसवला गेला असे उदाहरण तुम्हाला आठवते का? जरूर लिहा. आणि पुढच्या वेळी संघ हरल्यावर ‘व्यवस्थापक बदला’ असे लिहिण्यापूर्वी क्षणभर १९७२ चा डिसेंबर आठवा. त्या दिवशी माणूस बदलला. प्रश्न मात्र तसाच राहिला.